पाण्यावरचें भाड्याचें घर

उन्हाळ्याचा ताप वाढूं लागला म्हणजे मैदानांत राहणाऱ्या माणसाचें मन डोंगराकडे धांव घेतें, आणि डोंगरावर पोहोंचतांच पहिला प्रश्न पुढें येतो तो उतरावयाचें कोठें हा. महाबळेश्वर, माथेरान, सिमला, मसुरी ह्या गांवांनीं ह्या प्रश्नाचें उत्तर बहुधा एकाच रीतीनें दिलें. डोंगराच्या अंगावर थोडी जागा सपाट करावी, तींत बंगला उठवावा आणि मोसमापुरता तो भाड्यानें द्यावा. हिमालयाच्या कुशींतील एका शहरानें मात्र अगदीं निराळें उत्तर काढलें. समुद्रसपाटीपासून सुमारें ५,२०० फूट उंचीवर वसलेल्या श्रीनगरांत प्रवाशास भाड्यानें मिळणारें नामांकित घर जमिनीवर उभें नाहीं. तें पाण्यावर तरंगत असतें. त्यास पाया नाहीं, अंगण नाहीं, आणि दाराशीं येणारी वाट म्हणजे वल्ह्यानें कापलेलें पाणी. ह्या घराचें नांव हाऊसबोट.

हाऊसबोट ही कोणा शौकिनाची लहर असावी असा पाहणाऱ्याचा प्रथम समज होतो. नक्षीदार लांकूड, मऊ गालिचे, सरोवरांत पडलेलें डोंगराचें प्रतिबिंब, हें सारें पाहून दुसरें कांहीं सुचणेंही कठीण. पण खरी हकीकत अशी कीं, हें घर लहरींतून जन्मलें नाहीं. तें जमिनीच्या कायद्यांतून जन्मलें.

१८४६ सालच्या अमृतसरच्या तहानें काश्मीर महाराज गुलाबसिंगांच्या हातीं आलें आणि त्याच्या बदल्यांत इंग्रजांस पंचाहत्तर लक्ष नानकशाही रुपये मिळाले. खोरें असें विकून बसलेल्या इंग्रजांसच पुढें त्याच्या हवेची गोडी लागली. पंजाबच्या उष्म्यानें होरपळलेले लष्करी अधिकारी रजा घेऊन तिकडे जाऊं लागले. परंतु दरबारचें धोरण ठाम होतें. बाहेरच्या माणसानें यावें, राहावें, शिकार करावी आणि परत जावें. जमीन मात्र त्याच्या नांवें होणार नाहीं. आरंभीच्या काळांत तर पाहुण्यांस हिवाळ्यापूर्वीं खोरें सोडावें लागे. सिमल्यास ज्यानें बंगल्यांच्या रांगाच्या रांगा उठविल्या, त्या इंग्रजास श्रीनगरांत चार हात जागाही विकत मिळेना. चिनारांच्या सावलींत तंबू ठोकावा, किंवा दरबारनें पाहुण्यांसाठीं बांधलेल्या मोजक्या घरांपैकीं एखादें रिकामें असलें तर पाहावें, एवढाच मार्ग उरला. हें धोरण पुढें १९२७ सालच्या जाहीरनाम्यानें अधिक स्पष्ट शब्दांत बांधलें गेलें. त्यांत अन्याय अधिक कीं शहाणपण अधिक, ह्यावर दोन मतें होतील. पण ज्या डोंगरी गांवांत जमीन मोकळेपणीं विकली गेली, तेथील मूळ रहिवाशांचें पुढें काय झालें हें पाहिलें म्हणजे दरबारास फारसा दोष द्यावासा वाटत नाहीं.

आतां श्रीनगर हें मुळांतच पाण्याचें शहर. झेलम, म्हणजे संस्कृत ग्रंथांतील वितस्ता आणि काश्मिरी लोकांची व्यथ, शहराच्या मधून वळणें घेत वाहते. पूर्वेस डल सरोवर, आणि दोहोंस जोडणारे कालवे. गाडीरस्ते होण्यापूर्वीं धान्य, सरपण, भाजीपाला आणि माणसें हीं सारीं पाण्यावरूनच जात येत. १५८९ सालीं अकबर बादशहा प्रथम काश्मिरांत आला, तेव्हां ह्या मुलुखांत तीस हजारांहून अधिक नावा होत्या असें अबुल फजलनें अकबरनाम्यांत लिहून ठेवलें आहे. बादशहास साजेशी एकही नाव त्यांत नव्हती, म्हणून कारागिरांकडून पाण्यावरचे महाल बांधवून घेतले, असेंही तो सांगतो. आंकड्यांत दरबारी अतिशयोक्ति धरली तरी, तरंगत्या महालाची कल्पना इंग्रजांनीं काश्मिरांत आणली नाहीं एवढें त्यावरून सिद्ध होतें.

इंग्रजांच्या वेळीं प्रवासास जी नाव मिळे तिला डुंगा म्हणत. डुंगा म्हणजे सपाट तळाची, लांबट, दोन्ही टोकांस निमुळती होत गेलेली नाव. वर उतरतें छप्पर, बाजूंस चटयांचे पडदे. पुढच्या भागांत प्रवासी बसत आणि मागच्या भागांत नावाड्याचें बिऱ्हाड, चूल, पोरेंबाळें असा सारा संसार चाले. ह्या डुंग्याची हाऊसबोट कोणी केली ह्याविषयीं दोन हकीकती प्रसिद्ध आहेत. एक अशी कीं, १८८० नंतरच्या दशकांत नारायणदास नांवाच्या काश्मिरी दुकानदाराचें दुकान जळालें. त्यानें आपला माल एका डुंग्यावर हलविला, आणि बर्फपावसापासून मालाचें रक्षण व्हावें म्हणून चटया काढून फळ्यांच्या भिंती व फळ्यांचें छप्पर घातलें. तें पाहून एका इंग्रज अधिकाऱ्यानें ती नाव चांगली किंमत देऊन विकत घेतली. दुकानापेक्षां हाच धंदा बरा हें चतुर नारायणदासाच्या ध्यानीं आलें आणि त्यानें नावा बांधविण्यास आरंभ केला. लोक त्यास ‘नाव नारायण’ म्हणूं लागले. दुसऱ्या हकीकतींत हें श्रेय त्याच सुमाराच्या केनार्ड नांवाच्या इंग्रज गृहस्थास दिलें जातें. दोन्ही हकीकती एकाच वेळीं खऱ्या असण्यासही हरकत नाहीं. गरज साऱ्यांस सारखी होती. जमीन घेण्यास बंदी होती, पाण्यावर नाव बांधून ठेवण्यास नव्हती. १८९० नंतर झेलमच्या खोऱ्यांतून गाडीरस्ता झाला, पाहुण्यांची संख्या वाढली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ह्या नावा शेंकड्यांनीं मोजल्या जाऊं लागल्या.

हें घर आंतून कसें असतें तें थोडें सविस्तर सांगणें इष्ट आहे, कारण त्याची रचना कोणत्याही बंगल्याहून निराळी आहे. लांबी साधारणतः ऐंशींपासून सव्वाशें फुटांपर्यंत, रुंदी दहापासून वीस फुटांपर्यंत. म्हणजे घर कसलें, एक लांबच लांब ओसरीच म्हणावयाची! पुढच्या टोकास पाण्यांत उतरणाऱ्या पायऱ्या आणि नक्षीदार कठड्याची पडवी. तिच्या मागें दिवाणखाना. त्याच्या मागें जेवणाची खोली. मग सामानाची लहानशी कोठडी. आणि त्यापुढें एका अंगास चिंचोळी वाट ठेवून ओळीनें दोन, तीन, कधीं पांच निजण्याच्या खोल्या. प्रत्येकीस स्वतंत्र न्हाणी. छपरावर ऊन खाण्यास मोकळी जागा. बांधकामाचें सारें लांकूड देवदाराचें. देवदारांत तेलाचा अंश असतो, म्हणून तो पाण्यांतही लवकर कुजत नाहीं आणि बंद खोलींत त्याचा मंद सुवास कित्येक वर्षें टिकतो. आंतील मेजें, खुर्च्या आणि पडद्याच्या चौकटी मात्र अक्रोडाच्या, कारण कोरीव काम अक्रोडावर खुलतें. सर्वांत पाहण्यासारखें असतें तें छत. त्यास खतमबंद म्हणतात. लांकडाचे लहान लहान अष्टकोनी, षट्कोनी, ताऱ्याच्या आकाराचे तुकडे एकमेकांच्या खांचांत बसवून सारें छत भरलेलें असतें, आणि त्यांत खिळा वापरलेला नसतो. भूमितीचीं पुस्तकें पाठ करूनही ज्या मुलास कोन म्हणजे काय तें कळत नाहीं, त्यास घटकाभर ह्या छताखालीं निजवावें.

पण लांकडापेक्षांही ह्या घराचें खरें वैशिष्ट्य निराळेंच आहे. इतर गांवीं भाडेकरी घर घेतो, आणि मालक किल्ली देऊन निघून जातो. येथें मालक जात नाहीं. मोठ्या नावेच्या मागें दुसरी साधी नाव बांधलेली असते. तींत मालकाचें कुटुंब राहतें आणि तेथेंच पाहुण्यांचा स्वयंपाक होतो. मालक स्वतः पाहुण्यांस वाढतो, त्याचा मुलगा शिकारा वल्हवितो, आणि घरांतल्या स्त्रिया मागच्या नावेंत चुलीपाशीं असतात. पाहुणा घर भाड्यानें घेतो असें म्हणण्यापेक्षां, तो चार दिवस एका कुटुंबाच्या पुढच्या दालनांत राहतो असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. पुष्कळ घरांत अभिप्रायांच्या जुन्या वह्या जपून ठेविलेल्या असतात. आजोबांच्या वेळच्या साहेबानें लिहिलेला चार ओळींचा मजकूर नातू मोठ्या अभिमानानें उघडून दाखवितो.

हीं कुटुंबें हांजी जमातीचीं. सर वॉल्टर लॉरेन्स ह्यांनीं १८९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या काश्मीरविषयक ग्रंथांत ह्या जमातीचें विस्तृत वर्णन केलें आहे. हांजी आपली वंशपरंपरा नोहापर्यंत, म्हणजे महाप्रलयांत नौका तारणाऱ्या त्या प्राचीन पुरुषापर्यंत नेतात. त्यांच्यांतही पोटभेद पुष्कळ: कोणी पाण्यावरचे मळे पिकविणारे, कोणी शिंगाडे काढणारे, कोणी मासे धरणारे, कोणी वाहून आलेलें लांकूड गोळा करणारे, कोणी धान्याच्या अवजड नावा हांकणारे, आणि कोणी डुंगेवाले. पाण्यावरचा मळा हा प्रकारही विलक्षणच. वेत, गवत आणि पाणवेली ह्यांच्या गुंतवळीची जाड चटई करून तीवर सरोवराच्या तळचा गाळ पसरावयाचा आणि त्यांत काकड्या, टरबुजें, टोमॅटो लावावयाचे. हा मळा नावेस बांधून ओढून नेतां येतो, त्यामुळें तो चोरीसही जातो! आपलें शेत रात्रीं कोणी पळवून नेलें अशी फिर्याद हिंदुस्थानांत दुसऱ्या कोठल्या कचेरींत क्वचितच येत असेल.

जुन्या काळीं हाऊसबोट महिन्याच्या बोलीनें घेत आणि ती एका जागीं बांधून ठेवीत नसत. कंटाळा आला म्हणजे नावाडी बांबू टेंकून आणि कांठावरून दोर ओढून ती झेलमच्या प्रवाहांत उतरवीत. मग शादीपूर, मानसबल, वुलर सरोवर अशी घरासह यात्रा होई. शेजारी आवडला नाहीं तर शेजार बदलण्याची सोय जगांत दुसऱ्या कोणत्या भाडेकऱ्यास मिळाली असेल? ही मौज आतां राहिली नाहीं. नावा मोठ्या व जड झाल्या, त्यांना विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ जोडले गेले, आणि त्या डल, नगीन व झेलम ह्यांच्या कांठीं आपापल्या जागीं स्थिर झाल्या.

साहेब गेल्यावर हा धंदा बसेल अशी भीति १९४७ नंतर वाटत होती. ती खरी ठरली नाहीं. साहेबाच्या जागीं मुंबईचा, कलकत्त्याचा, अहमदाबादेचा गृहस्थ आला आणि नवविवाहित जोडपीं आलीं. त्यांस तिकडे ओढून नेण्यांत बोलपटांचा वांटा मोठा. १९६५ सालच्या ‘जब जब फूल खिले’ ह्या चित्रपटाचा नायकच मुळीं हाऊसबोट भाड्यानें देणारा काश्मिरी तरुण. आणि भाडेकरी म्हणून येणाऱ्या श्रीमंत मुलीची भूमिका करणारी नंदा ही आपल्या मास्टर विनायकांची कन्या. पुढच्याच वर्षीं, १९६६ सालीं, इंग्लंडांतील प्रसिद्ध गायक जॉर्ज हॅरिसन हा पंडित रविशंकरांपाशीं सतारीचे धडे घेण्यासाठीं डल सरोवरावरच्या हाऊसबोटींत येऊन राहिला होता. भोंवतालीं गाड्यांचा आवाज नाहीं आणि पहाटे वल्ह्याखेरीज दुसरा नाद नाहीं, अशी जागा स्वरसाधनेस निवडणाऱ्याच्या रसिकतेस दाद द्यावयास पाहिजे.

ज्या कुटुंबांस असें घर घ्यावयाचें असेल त्यांनीं दोन चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पर्यटन खात्याकडे हाऊसबोटींची नोंद होते आणि त्यांची ‘डीलक्स’पासून ‘डी’पर्यंत प्रतवारी केलेली असते, नोंदलेलीच बोट घ्यावी. रस्त्यालगतची पहिली रांग सोयीची खरी, पण रात्रीं उशिरापर्यंत तेथें गाड्यांचा आवाज पोहोंचतो. निवांतपणा हवा असेल तर आंतल्या बाजूची किंवा नगीन सरोवरावरची बोट पाहावी. सकाळची न्याहारी आणि रात्रीचें जेवण भाड्यांत धरलें आहे कीं नाहीं, कांठापासून बोटीपर्यंतची ने-आण त्यांत आली कीं नाहीं, थंडींत शेगडीचें सरपण कोणाचें, ह्याचा खुलासा आधींच करून घ्यावा. तोंडी नव्हे, लिहून. शाकाहारी मंडळींनीं घाबरण्याचें कारण नाहीं. कमळकांकडी, जिला तेथें नदरू म्हणतात, आणि हाक नांवाची पालेभाजी ह्या दोन पदार्थांवर काश्मिरी बाई असें जेवण करते कीं पाहुणा पुन्हां मागतो. वृद्ध माणसें बरोबर असतील तर मात्र विचार करावा. शिकाऱ्यांतून पायरीवर पाय टाकतांना नाव हलते, आणि ती सांवरण्यास तिथें भिंत नसते. फुलें, केशर, शाली, कागदाच्या लगद्याच्या रंगीत डब्या घेऊन विक्रेते नावेनें थेट पडवीपर्यंत येतात. नको असेल तेव्हां नको म्हणण्याचा कणखरपणा गृहिणीच्या अंगीं असला तर उत्तमच.

हें सारें वाचून कोणास वाटेल कीं, हा धंदा सुखांत चालला आहे. तसें नाहीं. १९९० च्या सुमारास खोऱ्यांत जो हिंसाचार सुरू झाला, त्यानें वर्षानुवर्षें ह्या नावा रिकाम्या ठेविल्या. रिकामें घर जमिनीवर असलें तर त्यावर धूळ बसते. पाण्यावर असलें तर तें बुडूं लागतें. २०१४ च्या सप्टेंबरांत महापूर आला. एप्रिल २०२२ मध्यें नगीन सरोवरांत सात हाऊसबोटी जळाल्या. ११ नोव्हेंबर २०२३ रोजीं डल सरोवरांत पांच हाऊसबोटी जळून खाक झाल्या, आणि बांगला देशांतून आलेले तीन प्रवासी त्यांत मृत्युमुखीं पडले. कोरडें देवदार, शेगडी, आणि एकमेकांस लागून उभ्या केलेल्या नावा. पाण्याच्या मध्यावर असूनही आगीस ह्याहून सोपें भक्ष्य नाहीं. मग २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगामला सव्वीस निरपराध माणसांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रांतील सहा जण होते. त्यानंतर कांहीं दिवसांतच भरल्या मोसमांत हाऊसबोटी ओस पडल्या. ज्या घरांचीं माणसें गेलीं त्यांच्या दुःखापुढें धंद्याच्या तोट्याची गोष्ट बोलूं नये हें खरें. परंतु त्या दिवसांत सरोवरावरच्या नावाड्यांनींही मेणबत्त्या व फलक घेऊन निषेध केला, हेंही सांगितलें पाहिजे.

ह्या सर्वांहून अधिक खोल गेलेलें दुखणें निराळें आहे. डल सरोवर आकुंचित होत आहे, त्यांत मैला साचत आहे, आणि त्याचा दोष बराच काळ हाऊसबोटींवर ठेवण्यांत आला. त्यांचें सांडपाणी दशकानुदशकें सरळ सरोवरांत जात होतें, हें नाकारतां येणार नाहीं. पण शहराच्या नाल्यांतून सरोवरांत उतरणारी घाण त्याहून पुष्कळ अधिक आहे. नाल्यास मालक नसतो, नावेस असतो. म्हणून हुकूम नावेवर निघाला. नवी हाऊसबोट बांधण्यास १९८० नंतरच्या दशकांत बंदी झाली. २००९ सालीं उच्च न्यायालयानें दुरुस्तीवरही निर्बंध घातले. पुढें २०२१ च्या सुमारास परवानगीनें दुरुस्तीची वाट मोकळी करण्यांत आली, परंतु संख्येची मर्यादा कायम ठेवून. एके काळीं हजारावर असलेल्या ह्या नावा त्या वेळेपर्यंत नऊशेंच्या आसपास आल्या होत्या.

येथें एक मोठा विपर्यास दिसतो. ज्या जमिनीच्या बंदीमुळें हाऊसबोट जन्मली, ती बंदी आतां उरली नाहीं. ५ ऑगस्ट २०१९ रोजीं राज्याचा विशेष दर्जा संपला आणि २६ ऑक्टोबर २०२० रोजीं निघालेल्या आदेशानें, शेतजमीन वगळतां, बाहेरच्या माणसास तेथें जमीन घेण्याची मोकळीक झाली. आज ज्यास कांठावर घर बांधावयाचें असेल त्यास कायद्याचा पूर्वीचा अडसर नाहीं. ज्या हांज्यास पाण्यावर घर बांधावयाचें आहे, त्यास मात्र आहे! पाहुण्यास जमीन नव्हती तेव्हां हांज्यानें त्यास पाणी दिलें. आतां पाहुण्यास जमीन मिळाली, आणि हांज्याच्या पायाखालचें पाणी मोजून देण्यांत येऊं लागलें. सरोवर राखावयाचें असेल तर नावांच्या संख्येवर कांहीं मर्यादा हवीच, ह्याविषयीं वाद नाहीं. पण जळालेल्या वा बुडालेल्या नावेच्या जागीं नवी बांधूं देणें म्हणजे संख्या वाढविणें नव्हे, एवढा विवेक हुकूम काढणाऱ्यांनीं दाखवावयास हवा होता.

कारण नाव ही दुरुस्तीवरच जगते. पाण्याखालचा देवदार टिकतो, वरचाही टिकतो. कुजतो तो पाण्याच्या रेघेवरचा पट्टा, जो एकदां भिजतो आणि एकदां वाळतो. तेथल्या फळ्या वेळोवेळीं काढून नव्या घालाव्या लागतात, सांधे पुनः भरावे लागतात. देवदार महाग झाला आहे. खतमबंदाचें काम जाणणारे सुतार थोडे उरले, आणि हाऊसबोटीचा तळ बांधूं शकणारे त्याहून थोडे. ज्या कामास चाळीस वर्षांत नवी मागणी नाहीं तें मुलानें शिकावें तरी कशासाठीं? नावाड्यांचीं मुलें शिकून कचेऱ्यांत जाऊं लागलीं आहेत, आणि त्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार कोणास नाहीं.

हिवाळ्यांत, पाहुणे नसतात तेव्हां, खोऱ्यांत बर्फ पडतें. सपाट छपरावर फूटभर बर्फ सांचलें कीं त्याच्या भारानें नाव खालीं दबूं लागते. पाण्याची रेघ चढते आणि जुन्या सांध्यांतून पाणी आंत येतें. म्हणून जोराचें बर्फ असेल त्या रात्रीं हांजी झोपत नाहीं. कंदील पेटवून, हातीं लांकडी फावडें घेऊन, बाप आणि मुलगे छपरावर चढतात आणि उजाडेपर्यंत बर्फ सरोवरांत लोटीत राहतात.